लिनक्स डेस्कटॉपवर मराठीची जुळणी : फॉन्ट, कळफलक आणि जुने दस्तऐवज

प्रस्तावना

सांताक्रूझच्या पूर्वेस मुंबई विद्यापीठाचे कालिना संकुल आहे, तर पश्चिमेस जुहू तारा मार्गावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे. याच पश्चिम भागात, जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. २००३ मध्ये ते प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजे सी-डॅकमध्ये, विलीन झाले. लिनक्सवर भारतीय लिप्या उमटाव्यात यासाठी झालेल्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी ‘इंडिक्स’ हा प्रकल्प येथलाच. प्रत्येक आज्ञावलीत देवनागरीची निराळी सोय करण्याऐवजी, पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या एक्स विंडो प्रणालीतच ती करावी, असा त्यामागील विचार होता.

आज उबुंटू, डेबियन वा फेडोरा यांपैकी काहीही बसविले तरी जोडाक्षरे सहसा नीट दिसतात. तरीही महाविद्यालयात लिनक्स आले की पहिली तक्रार मराठीचीच येते. प्रश्नपत्रिका उघडत नाही, अक्षरे बदलतात, ‘ऱ्या’ जमत नाही. या तक्रारी एका मुळाच्या नाहीत. अक्षराचा संकेत, अक्षराचा आकार आणि अक्षर टंकण्याची रीत या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकच मानल्या की दुरुस्ती चुकीच्या जागी होते.

फॉन्ट आणि भाषेची नोंद

सॉफ्टवेअर केंद्रातून लोहित देवनागरी व नोटो देवनागरी हे मुक्त फॉन्ट बसविता येतात. एरवी मिळालेला फॉन्ट आपल्या खात्यातील फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवला तरी चालतो. त्यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागत नाही.

खरी मेख लिबरऑफिसमध्ये आहे. तेथे रोमन व देवनागरी मजकुराचे फॉन्ट स्वतंत्रपणे नोंदले जातात. परिच्छेदाची शैली ठरविताना केवळ रोमन बाजूचा फॉन्ट बदलला, तर देवनागरी जशीच्या तशी राहते आणि आज्ञावली बिघडली असा समज होतो. म्हणून पर्यायांतील भाषाविभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून तेथील भाषा मराठी करावी. पुष्कळदा मूळची निवड हिंदी असते. ही नोंद वरवरची नव्हे. एकाच फॉन्टमध्ये ‘ल’ व ‘श’ यांचे मराठी आणि हिंदी असे दोन्ही आकार असू शकतात, आणि कोणता उमटवायचा हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरविले. भाषा हिंदी राहिली तर नेमके तेच आकार हातचे जातात. शिवाय हिंदी शब्दकोश बसविलेला असल्यास शुद्ध मराठी शब्दांखालीही लाल रेघा येतात, त्या निराळ्याच.

कळफलक

सेटिंग्जमधील कळफलकाच्या विभागात मराठीची भर घालता येते. उच्चारानुसारी टंकनाची सवय असणाऱ्यांना आयबस व त्यास जोडलेला एम-१७-एन संच उपयोगी पडतो. तथापि नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावा. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. आणि हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांना लागू असल्याने गुजराती वा कन्नडसाठी पुन्हा बोटे घडवावी लागत नाहीत.

‘ऱ्या’ साठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो, ‘डी’ ने हलन्त, मग ‘य’ व काना. हेच रूप साधा ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदी जोडचिन्ह यांनीही साधते. दोन्ही डोळ्यांना सारखे दिसतात, पण आतील संकेत वेगळे असतात. परिणामी एका पद्धतीने टंकलेला ‘दुसऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच असे नाही. एका विभागातील सर्वांनी एकच पद्धत ठरविणे इष्ट.

जुने दस्तऐवज

युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमनच. मराठी केवळ फॉन्टमुळे भासे. लिनक्सवर तो फॉन्ट नसला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फॉन्ट आणून बसविल्यास मजकूर वाचता येईल, मात्र त्यात शोध घेता येणार नाही. म्हणून रूपांतरच करावे लागते. अडचण अशी, की जुन्या फॉन्टमध्ये दिसण्याचा क्रम असे आणि युनिकोडमध्ये उच्चाराचा. ‘कि’ मधील वेलांटी पूर्वी ‘क’ च्या आधी टंकली जाई, आता ती नंतर नोंदली जाते. रफार नेमका उलट, पूर्वी अक्षरानंतर, आता आधी. हा क्रम उलटविताना रूपांतरक आज्ञावल्या चुकतात, आणि रफार व ‘ऱ’ यांची गल्लत तर वारंवार होते.

ही गल्लत केवळ शुद्धलेखनाची नाही. ‘आचार्यांना निमंत्रण’ म्हणजे गुरुजनांना बोलावणे. ‘आचाऱ्यांना निमंत्रण’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. भूगोलाच्या टिपणात ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ झाला तर सह्याद्रीत समुद्र येतो! वर्णतपासनीस अशा जागी गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द बरोबर असतात. त्यामुळे रूपांतरित प्रत मूळ छापील प्रतीशी माणसाने ताडून पाहणे अपरिहार्य आहे, आणि ती ताडून होईपर्यंत जुनी फाइल व तिचा फॉन्ट दोन्ही जपून ठेवावेत.