रायफलीचं दार

१ ऑगस्ट २०२४ चा गुरुवार तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी फ्रान्समधल्या शातोरू इथे ऑलिंपिकची नेमबाजी चालू होती. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरी तालुक्यात, कांबळवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या एका शिक्षकाच्या मुलानं, स्वप्नील कुसाळेनं, ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ब्राँझपदक मिळवलं. गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन तऱ्हांनी नेम धरायचा असतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझपदक जिंकलं होतं. त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं!

पोलादपूरच्या बाजूला एका शाळेत मी चौथीला शिकवते. बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याची रायफल खास बनवून घेतलेली असणार. दुकानातल्या रायफलीनं असं थोडंच जमतं?" आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आपल्याला कधीच नाही जमायचं."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. कारखान्यातून आलेली तयार रायफल चांगली, की एकेक करून घडवलेली? मी त्यांना सांगितलं, "थांबा. मी शोधते, मग बोलू." जे सापडलं, ते आज तुम्हालाही सांगते.

भिंत आणि दार

आपल्या महाड-पोलादपूर भागात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक काही घरांत असते. तुम्ही ती खुंटीला टांगलेली पाहिली असेल. तिच्यात तोंडाकडून दारू घालायची, मग गोळी, आणि गजानं ठासायचं. रायगडावर पहारा असे त्या काळातली तोड्याची बंदूकही तोंडाकडूनच भरत. अशा बंदुकीच्या नळीची मागची बाजू कायमची बंद असते. म्हणजे ती भिंतच झाली म्हणा ना!

पुढे १९व्या शतकात मागून भरायच्या रायफली आल्या. आता मागे भिंत असून कसं चालेल? तिथे दार हवं. दर वेळी उघडेल असं, आणि दर वेळी अगदी घट्ट बंद होईल असं. या दाराला, त्याच्या चौकटीला आणि चापापासून काडतुसापर्यंत ठोका पोचवणाऱ्या यंत्रणेला मिळून म्हणतात 'ॲक्शन'. दाराचं काम करणारा पोलादी दांडा म्हणजे बोल्ट. चौकटीच्या पुढच्या तोंडाला आटे पाडलेले असतात, त्यांत नळी पिळून बसवतात.

आपल्या जुन्या घरांच्या दाराला आतून अडसर असतो. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत सरकवला की बाहेरून कितीही ढकला, दार हलत नाही. आता समजा, अडसर एकाच बाजूला टेकलाय आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट आहे. बाहेरून धक्का बसला की दार तिरकं होणार की नाही?

बोल्टचंही तसंच आहे. जर्मनीत माउझर यांची १८९८ ची रायफल प्रसिद्ध आहे. तिच्या बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम कान आहेत. बोल्ट पुढे सरकवून दांडी खाली वळवली की हे कान चौकटीतल्या खाचांत अडकतात. पुढच्या काळातल्या पुष्कळ रायफली याच घडणीवर बेतल्या गेल्या. गोळी सुटताना मागच्या बाजूलाही जबरदस्त धक्का बसतो. दोन्ही कान सारखे टेकलेले असले तर तो दोघांत वाटला जातो. एकच टेकलेला असला तर बोल्ट किंचित तिरका होतो आणि नळीला हिसका बसतो. स्पर्धेच्या ५० मीटर रायफलीचं काडतूस लहान असतं, त्यामुळे तिच्या बोल्टची अडकण वेगळ्या जागी असते. पण नियम तोच. दार सरळ बसलं पाहिजे, आणि प्रत्येक वेळी सारखंच बसलं पाहिजे.

कागदाच्या जाडीचं गणित

'किंचित तिरका झाला तर काय एवढं बिघडतं?' असं तुम्ही म्हणाल. चला, गणित करू.

५० मीटरच्या लक्ष्यावर मधोमध १० गुणांचं वर्तुळ असतं. त्याचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा. आता एक मीटर लांबीची पट्टी घ्या. तिचं एक टोक पक्कं धरा आणि दुसरं टोक एका कागदाच्या जाडीइतकं, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर, बाजूला सरकवा. ती पट्टी त्याच दिशेनं ५० मीटरपर्यंत वाढवली तर शेवटचं टोक किती सरकेल? ५० पट, म्हणजे ५ मिलिमीटर! बटणाच्या मधून निघालात आणि पोचलात थेट काठावर. एका कागदाचा फरक, आणि एवढी चूक. म्हणूनच इथे पोलाद कापणारे कारागीर केसाहूनही बारीक मापं मोजत बसतात.

तीन वाटा

नेमबाजापुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट कारखान्याची. तुम्ही बाजारातून तयार गणवेश आणता ना, तशी. एकाच मापाच्या हजारो चौकटी यंत्रावर निघतात. प्रत्येकीत थोडा फरक चालवून घेतलेला असतो. किंमत त्या मानानं कमी, सुटे भाग चटकन मिळतात, आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. पण कारखाना म्हणजे सुमार माल, असं समजू नका हं! जर्मनीतल्या ऊल्म शहरात आन्शुट्झ नावाचा कारखाना आहे. १८५६ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या रायफलींनी आजवर कितीतरी ऑलिंपिक पदकं मिळवून दिली आहेत. त्या कारखान्यातल्याच, पण खास स्पर्धेसाठी केलेल्या.

दुसरी वाट दुरुस्तीची. साधी चौकट घ्यायची आणि कुशल कारागिराकडून लेथवर सरळ करून घ्यायची. पुढचं तोंड काटकोनात कापायचं, आटे नळीच्या रेषेत आणायचे, बोल्टचे दोन्ही कान सारखे टेकतील असे घासायचे. तयार शर्ट आणून शिंप्याकडून बाह्या आणि कंबर बेतून घेण्यासारखंच हे. पण मजुरी वाढत जाते. कधी कधी तर हिशेब केल्यावर कळतं, की एवढ्या पैशांत नवीन घडवलेलीच आली असती!

तिसरी वाट घडवून घेण्याची. स्वित्झर्लंडमध्ये ब्लायकर आणि 'ग्र्यूनिग अँड एल्मिगर' असे नावाजलेले रायफलकार आहेत. मोठ्या कारखान्याच्या मानानं ते थोड्याच रायफली करतात, पण फार निगुतीनं. अमेरिकेत तर टेबलावर रायफल टेकवून फक्त अचूकतेची स्पर्धा होते. तिथले कितीतरी खेळाडू खास घडवलेली ॲक्शनच वापरतात. तिचं सगळं पहिल्यापासून सरळ असतं. पण किंमत मोठी, वाट पाहावी लागते, आणि आणखी एक गोष्ट आहे. सगळं इतकं घट्ट बसलेलं असतं, की धुळीचा कण गेला तरी बोल्ट अडू शकतो.

इथे मला महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे आठवलं. पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देणारं हे गाव. पहिल्या महायुद्धात आपल्या फौजेच्या हातात असायची ली-एनफिल्ड रायफल. खंदकातला चिखल, वाळवंटातली वाळू, पाऊस, सगळ्यात ती चालायला हवी. म्हणून तिचा बोल्ट थोडा सैल ठेवलेला असे. सैनिकाच्या रायफलीत सैलपणा हा गुण, आणि स्पर्धेच्या रायफलीत तोच दोष! म्हणजे 'चांगली रायफल कुठली?' एवढंच विचारून भागत नाही. 'कशासाठी?' हेही विचारावं लागतं.

आमचा पन्हळीचा प्रयोग

एवढं सगळं वाचून झालं, तरी मागच्या बाकाला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. मग आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तुम्हीही करा.

एका बांबूची मधोमध चिरून पन्हळ केली. तिचं एक टोक विटेवर ठेवलं, दुसरं फरशीवर. पाच पावलांवरच्या भिंतीवर खडूनं खूण केली. आधी प्रत्येकानं हातानं दहा गोट्या खुणेकडे घरंगळत सोडल्या. जिथे आपटली तिथे टिंब. टिंबं भिंतभर पसरली! मग त्याच गोट्या पन्हळीच्या वरच्या टोकापासून नुसत्या सोडल्या. टिंबं जवळजवळ आली.

मग मी पन्हळीचं खालचं टोक मुद्दाम जरा डावीकडे वळवलं. सगळी टिंबं डावीकडे गेली, पण राहिली एकमेकांजवळच. "आता काय करायचं?" मी विचारलं. "बाई, पन्हळ उजवीकडे घ्यायची, झालं!" शेवटी पन्हळीखालचे टेकू काढून ती डुगडुगती ठेवली. टिंबं पुन्हा पांगली, आणि या वेळी उपाय काही कुणाला सांगता येईना.

यातच सगळं आलं. चूक दर वेळी सारखीच होत असेल तर ती दुरुस्त होते. रायफलीवर नेम जुळवायचे स्क्रू त्यासाठीच असतात. चूक दर वेळी बदलत असेल तर मात्र कठीण. चांगल्या ॲक्शनचं काम एवढंच, की तिनं दर वेळी तेच करावं. गोळीला दिशा देते ती नळी. म्हणूनच जाणकार आधी चांगली नळी आणि चांगली काडतुसं पाहतात. मोठे नेमबाज तर काडतुसांच्या वेगवेगळ्या घाण्या आपल्या रायफलीतून झाडून बघतात, आणि जी घाणी जुळते तीच घेतात. मग दस्ता आपल्या अंगाला बसतोय का ते पाहायचं. आणि त्यानंतर माणूस.

चूक रायफलीची की माणसाची, हे ओळखायचीही रीत आहे. रायफल शिकंज्यात पक्की धरून गोळ्या झाडतात. आमच्या पन्हळीसारखंच! शिकंज्यातल्या गोळ्या बटणाएवढ्या जागेत पडल्या आणि त्याच रायफलीनं आपल्या हातून मात्र बशीएवढ्या जागेत पडल्या, तर नवी ॲक्शन घेऊन काय उपयोग? बशीचं बटण करायला सरावच हवा. तुम्ही तयार रायफलीच्याही पुढे गेलात, शिकंज्यातली रायफलच कमी पडायला लागली, की मग घडवलेलीचा विचार करायचा. त्याआधी नाही.

मागच्या बाकाला उत्तर

स्वप्नील २००९ साली राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला, तेव्हा तो तेरा-चौदा वर्षांचा होता. तिथून ऑलिंपिक पदकापर्यंत पोचायला पंधरा वर्षं लागली. शातोरूला पात्रता फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीत मात्र ४५१.४ गुण करून तिसरा आला. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत १० मीटर एअर रायफलमध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. चाळीस गोळ्या, आणि एकही चुकली नाही! कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेती झाली. तुम्हीच सांगा, यातलं किती रायफलीचं आणि किती माणसाचं?

पालकांनाही दोन शब्द सांगते. मुलाला नेमबाजीची आवड असली तर पहिल्या दिवशी लाखाची रायफल आणायची गरज नसते. क्लबमध्ये शिकताना बहुधा तिथलीच एअर रायफल मिळते. आठवीपासून एनसीसी असलेल्या शाळा आहेत, तिथे सगळे मिळून त्याच रायफली वापरतात. अंजली भागवत एनसीसीमुळेच या खेळाकडे वळल्या, आणि २००२ साली म्युनिकला 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' ठरल्या. कर्ज काढायची वेळ आलीच, तर ते मुलाची टिंबं जवळ आल्यावर काढावं.

आणि मुलांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बंदूक घडवणं किंवा तिच्यात फेरफार करणं हे परवाना असलेल्या कारागिराचंच काम. १९५९ चा शस्त्र कायदा तसं सांगतो. घरातल्या बंदुकीला हात लावायचा नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही. रायफल धरायची ती क्लबात आणि प्रशिक्षकांसमोरच.

आमच्या वर्गाच्या भिंतीवरची टिंबं मी अजून पुसलेली नाहीत. ज्यानं "आपल्याला कधीच नाही जमायचं" म्हटलं होतं, तो रोज मधल्या सुट्टीत दहा गोट्या सोडतो. पन्हळ न वापरता, नुसत्या हातानं. काल मला हाक मारून म्हणाला, "बाई, बघा ना, जवळ आली की नाही?"

आली होती. तुमची किती जवळ येतात, बघाल ना करून?