स्वमग्नता, वर्गणी आणि एक शांत तास

'ऑटिझम'साठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रुळला. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व', त्याचा हा सरळ अनुवाद. पण 'मग्न' म्हटले की आपल्याला समाधी लागलेला साधक नाहीतर सुरात बुडालेला गवई आठवतो. अशा मुलाच्या घरी चार दिवस राहिलेल्याला तसे वाटणार नाही. कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटची लुकलुक, शर्टाच्या कॉलरमागचे लेबल, सगळे एकदम अंगावर येते आणि मूल कान झाकून कोपरा गाठते.

पुण्यातल्या एका पालकगटात मी काही वर्षे स्वयंसेवक आहे. लोकांना समजावणे आणि पैसे जमवणे ही आमची दोन कामे. ती एकमेकांच्या आड येतात.

याला इतिहास आहे. १९४३मध्ये लिओ कॅनरने अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. पुढे 'थंड' आईबापांमुळे मूल असे होते, हे मत पसरले. ब्रुनो बेटलहाइमने १९६७च्या पुस्तकात ते उचलून धरले. त्याआधीच, १९६४मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने कारण जैविक असल्याचे मांडले होते. तो स्वतः अशा मुलाचा बाप होता. संस्थाही पालकांनीच उभ्या केल्या : इंग्लंडमध्ये १९६२ साली, दिल्लीत 'अॅक्शन फॉर ऑटिझम' १९९१ साली. इंग्लंडमधल्या संस्थेने १९६३मध्ये बोधचिन्ह घेतले ते जिगसॉ कोड्याच्या तुकड्याचे, आत रडणारे मूल. देणगी मागायला चित्र चांगलेच. पण आज अनेक स्वमग्न प्रौढांना ते नकोसे वाटते. आपण कोडे आहोत, आपल्यात काही कमी आहे, असे कुणाला ऐकायला आवडेल?

आमच्याकडे हाच पेच गणेशोत्सवात आला. एका मंडळाने वर्गणीतून आम्हाला रक्कम देऊ केली. अट एवढीच, की आरतीनंतर एका मुलाला स्टेजवर आणायचे आणि त्याच्या हाती चेक द्यायचा. ढोल-ताशे, स्पीकर, मोबाइलचे फ्लॅश! आम्ही स्टेजला नको म्हटले आणि वेगळेच मागितले : एका दुपारी तासभर स्पीकर बंद, लुकलुकणारी रोषणाई बंद, रांग नाही. कार्यकर्ते कुरकुरले, एकाने तर "मग गणपती कसला?" असे विचारले. पण तास मिळाला. सात घरे आली. एका अकरा वर्षांच्या मुलाने आपल्याच गल्लीतला गणपती पहिल्यांदा जवळून पाहिला, आणि बराच वेळ फक्त उंदराकडे. खजिनदार शेजारी उभे होते. "हा बोलत नाही का?" त्यांनी विचारले. आई म्हणाली, "बोलतो काका, त्याला वेळ लागतो." चेक नंतर आला, ठरल्यापेक्षा लहान.

पैसे लागतातच, हे नाकारण्यात अर्थ नाही. वाचा-उपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी आठवड्याला, वर्षानुवर्षे चालते. मध्यमवर्गीय घरही त्यात वाकते. पण ज्या कामाला कुणी देणगी देत नाही ते कागदांचे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आहे. त्या न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिचा समावेश आहे. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप कायद्याने आपोआप पालक उरत नाहीत; जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. हे सांगितल्यावर साठीतल्या आईबापांचे चेहरे पाहावेत. 'आमच्यानंतर काय?' हा प्रश्न त्यांच्या मनात रोजच असतो. अर्ज कुठे करायचा, हे मात्र कुणी सांगितलेले नसते.

२ एप्रिलला, २००८पासून, जागतिक स्वमग्नता जागृती दिन पाळतात. निळे दिवे लागतात, फोटो येतात. आमचे टेबल मात्र दर शनिवारी एका वाचनालयाच्या व्हरांड्यात असते : फॉर्म, गोंद, पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सच्या सुट्ट्या पैशांचा एक डबा.