द्राक्षाच्या गावांना मुक्कामाने जा



दिवाळी उरकली, की गहू-हरभऱ्याच्या पेरण्या आणि कांद्याच्या लागणी. त्यातून डोके वर काढेपर्यंत संक्रांत येते. मग कोणीतरी पारावर विषय काढतो, "अरे, एखादी सहल काढा की!" सरपंच गाडी ठरवतात, ग्रामसेवक यादी करतात, आणि दोन दिवसांत नऊ ठिकाणे पाहून मंडळी घरी परततात. काय पाहिले असे विचारले, तर अर्ध्यांना जेवण आठवते आणि अर्ध्यांना गाडीतली झोप.

मी स्वतः अशा सहली नेल्या आहेत, तेव्हा हा दोष आधी माझ्या पदरात घेतो. आज मात्र वेगळे सांगायचे आहे. यंदा फेब्रुवारीत पाच दिवस काढा. घरच्या माणसांना बरोबर घ्या. जुन्नर, सिन्नर, नाशिक, दिंडोरी, विंचूर, येवला अशी वाट धरा. वाईनची द्राक्षे जिथे पिकतात तो मुलूख आणि त्याला लागून असलेली जुनी गावे सावकाश, मुक्काम करीत पाहा.

"साहेब, आम्हाला दारू प्यायला नेताय का?" हा प्रश्न येणार हे ठाऊक आहे. नाही. तुळशीची माळ घातलेला वारकरीसुद्धा ही सहल करू शकतो. तिथे चव घेण्याची सक्ती नाही. बघायचे ते पीक, कारखाना आणि करार.

नानांचा दीड एकर

मुक्कामाचा एवढा आग्रह का, ते सांगतो. २००६ साली माझे चुलते, आमचे नाना, अशाच एका धावत्या सहलीला गेले होते. एका गाडीत साठ माणसे. वाईनच्या कारखान्यात चाळीस मिनिटे, मग जेवण, मग परत. कंपनीच्या माणसाने सांगितले, "भाव ठरलेला, करार लेखी, माल आमचीच गाडी नेणार." नानांनी आल्याबरोबर दीड एकर शिराझ लावली. मी तेव्हा कृषी पदविकेला जाण्याच्या तयारीत होतो. मलाही ते फार आधुनिक वाटले.

दोन हंगाम पैसे आले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, त्याच सुमारास जगभर मंदी आली. हॉटेले रिकामी पडली, वाईनची मागणी घसरली, कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. २०१० च्या हंगामात कंपनीची गाडी आलीच नाही. माल वेलीवर लोंबकळत राहिला. वाईनची द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. बाजारात कोणी घेत नाही, बेदाणाही होत नाही. नानांनी वेली बुडातून तोडल्या. त्या काळात नाशिक-सांगलीकडेही अनेकांनी बागा काढल्या किंवा खाण्याच्या जातीची कलमे भरली.

करारात "कंपनीच्या गरजेनुसार माल उचलला जाईल" असे एक वाक्य होते. ते नानांना चाळीस मिनिटांत कोण दाखवणार?

कधी आणि कसे निघायचे

वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. बाग, तोडणी आणि कारखाना एकदम पाहायचा तर जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. १९ फेब्रुवारीला शिवजयंती असते. शिवनेरीवर त्या दिवशी मोठी गर्दी होते, तेव्हा ती तारीख धरून जा किंवा टाळून जा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत नाशिकला राहायला जागा मिळणे अवघड, हेही ध्यानात असू द्या.

आपली खरी अडचण पैशाची नसून जनावरांची असते. धार कोण काढणार? त्यावर उपाय एकच. दोन घरांनी ठरवून घ्यायचे: एका आठवड्यात तुम्ही जा, त्यांनी गोठा सांभाळावा; पुढच्या आठवड्यात उलट. आम्ही हेच केले.

एसटीने जाणाऱ्यांसाठी महामंडळाचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. परंतु महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत. त्यामुळे घरातल्या कोणाचा पास काढायचा आणि कोणाचा नाही, याचा आधी हिशेब करा.

पहिला मुक्काम : जुन्नर

नगरहून टाकळी ढोकेश्वरमार्गे आळेफाटा, तिथून नारायणगाव आणि जुन्नर. तमाशाच्या राहुट्यांचे नारायणगाव सर्वांना माहीत आहे. पण १९८० च्या दशकात आपल्याकडच्या फेसाळ वाईनची सुरुवात इथेच झाली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात गेली. ती कंपनी पुढे बंद पडली. प्रसिद्धी आणि टिकाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पहिला धडा इथेच मिळतो.

जुन्नरला दुपारी शिवनेरी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी नाणेघाट. तिथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. रांजणात जकात टाकली जाई असे लोक सांगतात. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेने वर येई. त्या मालात रोमकडची वाईनही होती. आपल्या नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत, म्हणजे हा व्यापार पार आपल्या अंगणापर्यंत पोचला होता. दोन हजार वर्षांपूर्वी जी वस्तू बाहेरून येत होती ती आज आपला शेतकरी पिकवतो, हे घाटात उभे राहून पोरांना सांगा.

राहायला लेण्याद्री व ओझर इथे भक्तनिवास आहेत, तालुक्यात कृषी पर्यटन केंद्रेही आहेत. बिबट्याचा मुलूख आहे. अंधारात उसाच्या कडेने फिरू नका.

दुसरा मुक्काम : सिन्नरवरून नाशिक

संगमनेरवरून सिन्नरला थांबा. यादवांची ही जुनी राजधानी. इथले गोंदेश्वराचे मंदिर म्हणजे मधे महादेव आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे. आमच्या घरच्या मंडळींनी तिथे दोन तास काढले. धावत्या सहलीत तिथे गाडी थांबतच नाही.

नाशकात मुक्काम करा. काळाराम मंदिर पाहताना तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, याची आठवण ठेवा.

तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी पांडवलेणी चुकवू नये. तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या काळातले जमिनीचे आदेश कोरलेले आहेत. भिक्षूंना दोनशे निवर्तने जमीन दिली, ती करमुक्त केली, सरकारी माणसांनी तिथे शिरू नये असे बजावले. पुढच्या लेखात कबुली आहे, की ते शेत कसले जात नाही आणि गावही ओस आहे, म्हणून शहराच्या शिवेवरची शंभर निवर्तने सरकारी जमीन बदली द्यावी. कागदावर जमीन आणि प्रत्यक्षात पडीक, हा घोळ तेव्हाही होता! फरक एवढाच की तेव्हा तो दगडावर कोरून दुरुस्त केला.

तिसरा मुक्काम : बागेत

गंगापूर धरणाचा परिसर आणि दिंडोरी तालुका हे वाईन द्राक्षांचे आगर. १९९९ मध्ये सुरू झालेली सुला कंपनी गंगापूर धरणाजवळच आहे. बहुतेक कारखान्यांत फी घेऊन आत फिरवतात. आधी फोन करून वेळ घ्या. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट एकवीस वर्षे आहे, आणि गाडी चालवणाऱ्याने चव घ्यायचीच नाही.

आत काय बघाल? लाल वाईनसाठी द्राक्षे सालीसकट आंबवतात, रंग सालीतून उतरतो. पांढरीसाठी आधी रस काढून तो थंड टाकीत आंबवतात. साखरेचे मद्यार्क यीस्ट करते. तेवीस ब्रिक्सचा माल असेल तर साधारण साडेबारा-तेरा टक्के मद्यार्क तयार होते. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरवरचा आकडा म्हणजे इथे शेतकऱ्याचा भाव. बाग मांडवावर नसून उभ्या तारांवर दिसेल. उत्पन्न मुद्दाम कमी ठेवलेले असते, कारण जादा घड म्हणजे पातळ रस.

नानांना आणि काकूंना मी गेल्या फेब्रुवारीत घेऊन गेलो. नाना आता शहात्तर वर्षांचे आहेत. दिंडोरीकडच्या एका बागायतदाराकडे आम्ही मुक्काम केला. सकाळी बाग दाखवताना तो म्हणाला, "एकदम फायद्याचं पीक आहे." रात्री जेवणं झाली, शेकोटी पेटली, बायका आत गप्पा मारत बसल्या. नानांनी आपल्या दीड एकराची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला,

"सकाळी सांगितलं ते पाहुण्यांना सांगायचं. आता घरचं सांगतो, नाना. माझी चार एकर बाग, पण वाईनची एकच. हिला डिपिंग नाही, विरळणी नाही, मजूर कमी लागतं, हे खरं. पण गिऱ्हाईक एकच. त्यानं दार लावलं की आपण रस्त्यावर. म्हणून तीन एकर खाण्याची."

मग त्याने आतून करार आणून नानांच्या हातात दिला. नानांनी चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचला. एवढे खरे बोलायला एक रात्र लागते.

त्याच्याकडून शिकून मी प्रश्नांची यादी केली आहे. वहीत उतरून न्या:

१. करार किती वर्षांचा? वेली त्याहून जास्त वर्षे उभ्या राहतात, मग पुढे काय?
२. भाव ब्रिक्सवर आहे का? मोजणी कोण करतो, आपल्यासमोर होते का?
३. तोडणीचा दिवस कोण ठरवतो? उशीर झाला आणि वजन घटले तर नुकसान कोणाचे?
४. माल नाकारला तर लेखी कारण मिळते का?
५. पैसे किती दिवसांत? मागच्या तीन हंगामांत प्रत्यक्ष किती दिवसांत मिळाले?
६. 'गरजेनुसार उचल' असे वाक्य करारात आहे का?

पाचवा प्रश्न कंपनीला विचारू नका, बागायतदाराला विचारा. आणि रात्री विचारा.

चौथा मुक्काम : विंचूर आणि येवला

परतताना निफाडवरून विंचूरला जा. निफाड हे न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले आणि विंचूर व सांगलीकडचे पलूस इथे वाईन पार्क उभे केले. विंचूरला आलेले सगळेच कारखाने टिकले नाहीत. चालू कारखाना जरूर पाहा, पण बंद शेडपाशीही पाच मिनिटे थांबा आणि तो का बंद पडला, हे शेजारच्या चहावाल्याला विचारा.

शेवटचा मुक्काम येवल्याला. हातमागावर पैठणी विणताना पाहणे हा घरच्या बायकांचा हक्काचा कार्यक्रम. घेण्याची घाई नको, विणकराच्या घरी बसून आधी पाहू द्या. याच गावात तात्या टोपे जन्मले, आणि याच गावात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. तिथे आज मुक्तिभूमी स्मारक आहे. तिथून कोपरगाव, म्हणजे आपलाच जिल्हा.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक आणि माझ्या खात्यातल्या बांधवांनो, 'आत्मा'तून किंवा गावच्या वर्गणीतून सहल काढाल तेव्हा ठिकाणे कमी करा आणि रात्री वाढवा. साठ माणसांऐवजी वीसच न्या, त्यात दहा बायका असू द्या. घरात पिकाचा निर्णय दोघांनी घ्यायचा, तर पाहायलाही दोघांनीच जायला हवे. आणि ज्याचे बुडाले अशा एका तरी शेतकऱ्याची भेट कार्यक्रमात ठेवा.

येवल्याहून घरी येताना नाना खिडकीशी बसले होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा एक रात्र थांबलो असतो, तर अर्धाच एकर लावली असती रे."

लावलीच नसती, असे ते म्हणाले नाहीत. पीक वाईट नव्हते, घाई वाईट होती. तुम्ही जाल तेव्हा वही, चष्मा आणि पाच दिवस एवढे बरोबर न्या.