ढावलो आणि डोळ्यातलं पाणी

पुसदच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात बंजारा समाजाचे तांडे आहेत. तिथल्या लग्नातला जुना प्रकार म्हणजे ढावलो. सासरी निघालेली नवरी याडीच्या (आईच्या), बहिणीच्या, भावजयीच्या गळ्यात पडते आणि रडतरडत सुरात गाते. हे गाणं तांड्यातल्या जाणत्या बायका मुलीला लग्नाआधी शिकवत आल्या. सूर शिकवलेला, वेळ ठरलेली. पाणी मात्र खरं.

शिकून रडलेलं खरं कसं, असं परक्याला वाटेल. आणि याचा उलगडा शरीरशास्त्राने केला तर उरेल ते नुसतं खारं पाणी, अशी धास्ती भावुक माणसाला वाटेल. मला ती धास्ती मुळीच वाटत नाही. उलगडा वाचत गेलो तसा ढावलो मला जास्तच थोर वाटू लागला.

गाणं आपल्या हुकमात असतं. श्वास किती घ्यायचा, स्वरतंतू किती ताणायचे, हे आपण ठरवतो. डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याशी असलेली अश्रुग्रंथी मात्र कोणाचा हुकूम मानत नाही. तिला चालवणारे मज्जातंतू स्वायत्त मज्जासंस्थेचे, म्हणजे हृदयाचे ठोके आणि पचन सांभाळणाऱ्या व्यवस्थेचे. नुसतं ‘रड’ म्हटल्याने ती पाझरत नाही. म्हणजे नवरी काय करते? हुकमातल्या गळ्याचा आधार घेऊन हुकमाबाहेरच्या ग्रंथीपर्यंत पोचते. एकाही मज्जातंतूचं नाव माहीत नसताना तांड्यातल्या बायकांनी ही वाट शोधली आणि लेकींच्या हाती दिली.

कंठ दाटतो त्याचंही असंच. भावनेच्या भरात शरीर जास्त हवा मागतं, म्हणून स्वरयंत्राचं दार उघडं राहू पाहतं. आवंढा गिळायला मात्र तेच दार मिटावं लागतं. घशातला गोळा या ओढाताणीतून येतो, असं मानतात. नवरी त्याच दारातून सूर काढत असते!

पण डोळ्यांतून पाणीच का? दुःखात इतर प्राणीही ओरडतात, विव्हळतात. भावनेने अश्रू ढाळणारा प्राणी बहुधा माणूस एकटाच. चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावनांच्या आविष्कारावर ग्रंथ लिहिला, तेव्हा या अश्रूंना स्वतंत्र उपयोग नसावा असं त्याला वाटलं. संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइनने २००९ मध्ये एक साधा प्रयोग केला. रडणाऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांतले अश्रू पुसले आणि ती लोकांना दाखवली. चेहरे कमी दुःखी वाटले. काही तर गोंधळलेले किंवा विस्मित दिसले. त्याच वर्षी जीवशास्त्रज्ञ ओरेन हॅसनने मांडलं, की अश्रूंनी नजर धूसर होते, म्हणून रडणारा समोरच्याला न बोलता सांगतो: मी तुझ्यावर हल्ला करणार नाही, मला जवळ घे. हा तर्क आहे, शेवटचा शब्द नव्हे. तरी गळ्यात गळे घालून रडणाऱ्या मायलेकी डोळ्यांसमोर आणल्या, की तो मनाला भिडतो.

असा खरा उलगडा कुतूहल मारत नाही; ते मारतं ते खोटं स्पष्टीकरण. त्याचा घाव याच बंजारा समाजाने सोसला आहे. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचा स्वभाव जन्मावरून ठरवून टाकला. कायदा पुढे देशभर पसरत गेला आणि बंजारेही त्याच्या जाचात सापडले. तो १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा आजही विमुक्त जातींत मोडतात. आणि याच समाजातले, पुसदजवळच्या गहुलीत १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. जन्मावरून स्वभाव सांगणाऱ्यांनी निरीक्षण केलंच नव्हतं. शिक्का मारला, की पुढे विचारायला काही उरत नाही. अश्रूंच्या अभ्यासात एका उत्तरापोटी दहा प्रश्न जन्मतात, आणि म्हणून मला तो अभ्यास प्रिय आहे.

त्यातला एक प्रश्न तर अगदी पाळण्यातला. नवजात बाळ टाहो फोडतं, पण पहिले काही आठवडे त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळत नाही. आवाज आधी, अश्रू मागून. आणि तो आवाजही कोरा नसतो. संशोधक कॅथलीन व्हेर्मके आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दोन ते पाच दिवसांच्या साठ बाळांचं रडणं तपासलं: तीस फ्रेंच, तीस जर्मन. फ्रेंच बाळांचा सूर चढत जाणारा, जर्मन बाळांचा उतरत जाणारा, बहुतांशी आपापल्या भाषेच्या चालीसारखा. पोटात असताना ऐकलेल्या बोलण्याचा हा ठसा असावा. मग गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, ऐकत वाढलेल्या तांड्यातल्या बाळाचा पहिला टाहो कसा असेल? शेजारच्या वऱ्हाडी घरातल्या बाळापेक्षा वेगळा? कोणी पुसदला येऊन तो ध्वनिमुद्रित करावा, मोजावा. ढावलोचे सूरही सोबत नोंदवावेत, ते येणाऱ्या आज्या आहेत तोवर.