फ्रिज दिसत नाही, ईएमआय मात्र दिसतो!

किचनमधला सध्याचा हॉट फंडा काय माहितीये? फ्रिज दिसताच कामा नये! तुम्ही एखाद्या चकाचक नव्या फ्लॅटमध्ये जेवायला जाता, पाणी प्यायला म्हणून किचनमध्ये शिरता आणि एकामागून एक कपाटं उघडत सुटता. इथे डाळी-तांदूळ, तिथे मिक्सर, पलीकडे कचऱ्याचा डबा... आणि मग चौथ्या शटरमागे लख्खकन दिवा लागतो. अहो, हाच तो फ्रिज! बिल्ट-इन, इंटिग्रेटेड, कपाटाचे कपडे घालून उभा असलेला. काही वर्षांपूर्वीपर्यंत ही चैन फक्त इंटिरिअरच्या मासिकांत आणि हिंदी सिनेमातल्या बंगल्यांत दिसायची. आता ती टू बीएचके घेणाऱ्या तुमच्या-आमच्या मॉड्युलर किचनच्या कोटेशनमध्ये गुपचूप येऊन बसली आहे.

आमच्याही बसली. वाकडला फ्लॅटचं पझेशन मिळालं, डिझायनरने कोटेशन पाठवलं आणि त्यात होता २५० लिटरचा युरोपियन बिल्ट-इन फ्रिज, किंमत १ लाख ६५ हजार. त्याच्यासाठीचं टॉल युनिट, दरवाजाला लावायची पॅनल्स आणि फिटिंग मिळून आणखी ४२ हजार. एकूण २ लाख ७ हजार. मी खुर्चीवर नीट बसले. नवरोबा मात्र म्हणाले, ‘भारी आहे ना?’

आता तुम्ही म्हणाल, एवढे पैसे फ्रिजला? सरळ नाही म्हणायचं आणि पुढे जायचं. पण त्याच्या ‘भारी’मागे एक गोष्ट आहे. तो डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये वाढला. त्या घरात फ्रिज हॉलमध्ये असायचा. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी, हँडलला कापडी कव्हर, शेजारी दिवाण. अशा कितीतरी घरांत फ्रिज ही दाखवायची वस्तू होती, कारण तो घ्यायला वडिलांना दोन बोनस लागायचे. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, पण मध्यमवर्गीयांच्या घरात तो पोचायला पुढची पंचवीस-तीस वर्षं गेली. आणि रात्री अकराला कुणी पाणी घ्यायला फ्रिज उघडला, की दिवाणावर अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वहीवर उजेड पडायचा. त्याला आता फ्रिज नजरेआड हवाय. मला हे पटतं. म्हणून मी नाही न म्हणता दोन आठवडे या विषयाच्या मागे लागले.

म्हणजे नक्की असतं काय?

या प्रकाराचे मूळपुरुष अमेरिकेतले. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन गावात वेस्टाय बाके यांनी १९४५ मध्ये सब-झीरो ही कंपनी सुरू केली आणि पन्नाशीच्या दशकात कपाटांच्या रांगेत बसणारे फ्रिज बाजारात आणले. आज त्यांच्या तीन फुटी फ्रिजची अमेरिकेतली किंमतच दहा हजार डॉलरच्या पुढे जाते. म्हणजे एक बऱ्यापैकी कार! ती आपली लीग नाही, सोडून देऊ. आपल्याकडच्या किचन शोरूम्समध्ये दिसतात ते जास्त करून बॉश, सीमेन्स, लिभेर, मीले वगैरे. यातल्या लिभेरचा कारखाना तर २०१८ पासून आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आहे. अर्थात म्हणून त्यांचं प्रत्येक बिल्ट-इन मॉडेल तिथेच बनतं असं समजू नका. ते विचारून घ्यायचं, कारण पार्ट किती दिवसांत येणार हे त्यावर ठरतं.

युरोपियन बिल्ट-इनचं माप जवळपास ठरलेलं आहे. कपाटात साधारण ५६ सेंटिमीटर रुंद, ५५ सेंटिमीटर खोल आणि १७८ सेंटिमीटर उंच खाच ठेवायची. त्यात तो सरकतो आणि दरवाजावर तुमच्या किचनचंच शटर चढतं. दिसायला सुंदर, प्रश्नच नाही. साधा फ्रिज ओट्याच्या रेषेच्या पुढे दहा-पंधरा सेंटिमीटर ढेरी काढून उभा राहतो, हा राहत नाही. ओपन किचन असेल, सोफ्यावरून थेट सगळं दिसत असेल, तर फरक जाणवतो. मी बाणेर रोडच्या एका शोरूममध्ये तो दरवाजा सात-आठ वेळा उघडून बंद केला. शेवटचे दोन इंच तो आपला आपण, आवाज न करता मिटतो. मोह होतो हो!

पण आतली जागा बघा. सगळ्या बाजूंनी कपाट, त्यामुळे फ्रिज आतून अरुंद. माझ्या पर्समध्ये टेप होती (हल्ली असतेच), मी कप्पे मोजले. आमच्या दुधाचं पातेलं झाकणीसकट बसायला एक काच काढावी लागत होती. इडलीच्या पिठाचं भांडं म्हणजे तर विषयच नको, ते रात्रीत फुगतं. खाली फ्रीझरचे तीन ऐसपैस ड्रॉवर आहेत. आठवड्याचं मांस आणि तयार जेवण गोठवून ठेवणाऱ्या घरासाठी ते ठीक. आमच्या फ्रीझरमध्ये जानेवारीत सोललेले मटार, एक आइस्क्रीमचा डबा आणि आईने दिलेलं ओलं खोबरं, संपलं!

गरमीत टिकणार का?

ही गोष्ट मला कुठल्याही सेल्समनने आपणहून सांगितली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रत्येक युरोपियन फ्रिजच्या आत एक छोटं लेबल असतं, त्यावर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. ‘एन’ असेल तर तो फ्रिज भोवतालच्या ३२ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलाय. ‘एसटी’ म्हणजे ३८ पर्यंत, ‘टी’ म्हणजे ४३ पर्यंत. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो. नागपूर-चंद्रपूरकरांनी तर हे वाचून लगेच लेबल शोधावं. आपल्याकडे ‘टी’च हवा. शिवाय किचनमध्ये गॅस पेटलेला असतो हे जर्मनीतल्या माणसाला माहीत असायचं कारण नाही.

आणि ती उष्णता जाते कुठे? साधा फ्रिज आपल्या मागून-बाजूंनी गरम हवा खोलीत सोडतो. कपाटात कोंडलेल्या फ्रिजला खालच्या प्लिंथच्या जाळीतून थंड हवा आत घ्यावी लागते, ती मागच्या पोकळीतून वर चढते आणि कपाटाच्या डोक्यावरून बाहेर पडते. ही वाट किमान २०० चौरस सेंटिमीटरची असावी असं बहुतेक कंपन्यांचं मॅन्युअल सांगतं. म्हणजे एखाद्या पोस्टकार्डापेक्षा थोडी मोठी. मी एका सर्व्हिसवाल्या दादांना गाठलं, शहरभर असेच फ्रिज दुरुस्त करत फिरतात. त्यांचं म्हणणं असं की निम्म्या तक्रारींत फ्रिजचा दोष नसतोच. सुतार वरची फट ‘बरी दिसत नाही’ म्हणून प्लायने बंद करून टाकतो! मग कॉम्प्रेसर दिवसरात्र धापा टाकतो, भाजी आंबते आणि मालक कंपनीला शिव्या घालतो.

दुसरी तक्रार बिजागरीची. फ्रिजच्या दारावर किचनचं शटर असतं, त्याचं वजन ठरलेल्या मर्यादेत हवं. आपल्याला हौस म्हणून जाड ॲक्रिलिक किंवा काचेचं शटर लावलं की दोन वर्षांत दार कलतं, गॅस्केट नीट चिकटत नाही आणि गारवा गळत राहतो. दुरुस्तीसाठी फ्रिज बाहेर काढायचा तर दोन माणसं आणि कधीकधी तोच सुतार पुन्हा बोलवावा लागतो. साधा फ्रिज तुम्ही एकट्याने पुढे ओढता, मागचं झुरळ मारता आणि परत ढकलता.

बरं, पैशांचं बोलू

आमच्यासमोर दुसरा पर्याय होता ३०० लिटरचा, डबल डोअर, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, ३६ हजारांचा. लिटरमागे हिशेब केला. साधा १२० रुपये लिटर, बिल्ट-इन ६६० रुपये लिटर, तोही कपाटाचा खर्च न धरता. फरक एकूण १ लाख ७१ हजारांचा.

सेल्समन म्हणतात, ‘मॅडम, वीज वाचते.’ वाचत असेल हो! पण आपला साधा फ्रिज वर्षाला साधारण २५० युनिट खातो. आकडा त्याच्या स्टार लेबलवरच छापलेला असतो, फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना हे लेबल २०१० पासून सक्तीचं आहे. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये पकडले तर वर्षाचे अडीच हजार. म्हणजे बिल्ट-इन फ्रिज समजा एक युनिटही न खाता चालला, तरी फरक वसूल व्हायला ६८ वर्षं लागतील. तेव्हा आम्ही दोघं नव्वदी पार केलेली असेल.

टिकाऊपणाचा मुद्दा मात्र खोटा नाही. मीले तर आपली यंत्रं वीस वर्षांच्या वापराच्या हिशेबाने तपासली जातात असं सांगते. काही महागड्या मॉडेल्समध्ये फ्रिज आणि फ्रीझरची थंड हवा वेगवेगळी खेळवतात, त्यामुळे कालच्या बोंबलांचा वास बर्फाला लागत नाही आणि कोथिंबीर खरंच जास्त दिवस हिरवी राहते. पण हेही खरं की असे दोन वेगळे इव्हॅपोरेटर असलेले फ्रिज साध्या, उभ्या प्रकारातही मिळतात आणि बिल्ट-इनच्या निम्म्याहून कमी पैशांत. तुम्हाला कोथिंबीर टिकवायची आहे की फ्रिज लपवायचा आहे, हे आधी ठरवा. दोन्हीचं बिल एकत्र करून दाखवणं हे शोरूमचं कसब!

आणि वीस वर्षं टिकणारा फ्रिज घ्यायचा तर वीस वर्षं त्याच घरात राहायला नको का? नवऱ्याच्या कंपनीत बंगळुरूचा विषय वर्षातून दोनदा निघतो. साधा फ्रिज टेम्पोत चढतो. बिल्ट-इन नेला तर नव्या घरात तेच माप हवं, नाही नेला तर भाडेकरूच्या ताब्यात द्यायचा.

पण माझ्यासाठी खरा मुद्दा वेगळाच होता. मी फ्रीलान्सर आहे. लेख छापून येतो आज, चेक येतो तीन महिन्यांनी. माझ्या वाटणीचा घरखर्च महिन्याला २८ हजार. म्हणजे हा १ लाख ७१ हजारांचा फरक म्हणजे माझे सहा महिने. तेवढेच पैसे मी बाजूला ठेवलेत आणि त्यांच्याच जोरावर मी न आवडणाऱ्या कामाला नाही म्हणते. ते फ्रिजमध्ये गेले तर मला पुन्हा कुठल्यातरी पीआर एजन्सीत नऊ ते सात बसून मेल पाठवायला लागतील. हे मी त्याला एका रात्री जेवताना सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘ईएमआयवर घेतला तर?’ २४ महिन्यांनी भागलं, व्याज न धरता ८,६२५ रुपये महिना. घराच्या हप्त्यावर आणखी एक हप्ता. पुन्हा गप्प. ‘आणि माझ्या बाबांना कसं सांगायचं दोन लाखांचा फ्रिज घेतला म्हणून?’ हे त्यानेच विचारलं.

तरी कुणी घ्यावा? माझ्या ओळखीत एक जोडपं आहे, दोघं डॉक्टर, घर स्वतःचं, कुठे जायचं नाही, किचन हॉलमध्येच उघडं. फ्लॅट लहान, पण कर्ज फिटलेलं. त्यांनी घेतला आणि तीन वर्षं मजेत आहेत. त्यांना पातेल्याची अडचण नाही, कारण दूध रोज अर्धा लिटर लागतं आणि बाकी सामान दहा मिनिटांत दाराशी येतं. त्यांच्या घरात तो फ्रिज शोभतो. सोलापूर किंवा नांदेडला घर असेल तर मात्र आधी त्या कंपनीचा माणूस तुमच्या गावात येतो का, ते फोन करून विचारा. शोरूमला नको, थेट सर्व्हिस सेंटरला.

आम्ही काय केलं? डिझायनरला सांगितलं, टॉल युनिटच्या जागी ७५ सेंटिमीटर रुंदीची मोकळी खाच ठेव, मागे भिंतीपासून थोडी जागा सोड, प्लग पॉइंट बाजूच्या कपाटात घे, म्हणजे प्लगमुळे फ्रिज पुढे येणार नाही. हॉलच्या बाजूला कपाटाच्याच रंगाचं एक उभं पॅनल. त्यामुळे सोफ्यावरून फ्रिज दिसत नाही. पॅनलचे साडेसहा हजार झाले. पुढेमागे बिल्ट-इन घ्यावासा वाटलाच तर त्याच खाचेत कपाट बसेल.

शनिवारी फ्रिज येतोय. रंगावरून अजून वाद चालू आहे. त्याला काळा हवाय, मला वाटतं त्यावर बोटांचे ठसे दिसतील. सासूबाईंनी डोंबिवलीहून क्रोशाचा रुमाल पाठवते म्हणून फोन केला होता.