गर्मी है, पेस्ट ज्यादा लगाओ!

भिलाईत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "गर्मी है, पेस्ट ज्यादा लगाओ." आणि प्रोसेसरवर पांढरा जाड थर चढतो. हे आता थांबायला हवं.

थर्मल पेस्ट गारवा देत नाही. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ गुळगुळीत दिसले, तरी त्यांत बारीक खाचा असतात आणि खाचांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६, चांगल्या पेस्टची ५ ते १०, तांब्याची ४०० (वॅट प्रति मीटर-केल्विन). हवेपेक्षा पेस्ट कितीतरी बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही. खाचा बुजवण्यापुरतीच ती हवी.

पटत नसेल तर हिशेब मांडा. १० चौरस सेंटिमीटर जागेतून १०० वॅट उष्णता जाते आणि पेस्टची वाहकता ५ आहे, असं धरा. थर ०.०५ मिलिमीटरचा असेल तर प्रोसेसर त्यापायी १ अंशाने जास्त तापतो. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर तब्बल १० अंशांनी!

नेहमीच्या प्रोसेसरला मधोमध मटारच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. ती पसरवतो कूलरचा दाब. किंचित जास्त झाली तर कडेने बाहेर येते, घाबरू नका. खरी गडबड कूलर सैल बसला की होते, कारण मग थर जाडच राहतो. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरच्या चार खुंट्या तिरप्या जोडीने दाबायच्या. प्रत्येक खुंटी 'टक' वाजली पाहिजे, टोकं बोर्डाच्या मागे पूर्ण निघाली पाहिजेत. त्याच्या तळाला पेस्ट आधीच असते, वर आणखी लावू नका. कूलर काढाल तेव्हा ठसा बघा: एका कोपऱ्यात पेस्ट जाड, दुसऱ्यात पुसट, म्हणजे कूलर तिरका बसला होता.

टूथपेस्ट चालते? नाही, ती वाळून जाते.

दर उन्हाळ्यात पेस्ट बदलायची? गरज नाही. पण कूलर काढलाच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायचीच.

८० अंश म्हणजे धोका? इंटेलच्या माहितीनुसार कोअर आय५-१२४०० ची मर्यादा १०० अंश आहे. एएमडी रायझन ५ ७६००एक्ससाठी ९५ सांगते.

मोठा कूलर ४५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ३० वर ठेवतो? पंख्याचा कोणताही कूलर खोलीच्या तापमानाखाली जात नाही.

आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचा कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर पिनांसकट उपटून येऊ शकतो. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्या, बंद करा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला.