‘ट्रान्सफर केस’ची अदलाबदल : नाम, रूप आणि मूल्य

फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, सन १९१६ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यातील बुद्धिबळाचा दृष्टान्त आपल्या विभागातील प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. पटावरील घोडा हरवल्यास त्याच्या जागी कोणतीही वस्तू ठेवता येते. खेळात तिला घोड्याचे मूल्य दिले म्हणजे झाले. आकार दुय्यम, व्यवस्थेतील स्थान मुख्य. याच सिद्धान्ताची दुसरी बाजू अशी की, नाव तेच आणि रूपही जवळजवळ तेच असूनही दोन वस्तूंचे मूल्य भिन्न असू शकते. ही बाजू उदाहरणाने क्वचितच समजावून दिली जाते. तिचे एक उत्तम उदाहरण भंडारा जिल्ह्यातील अरण्यमार्गांवर धावणाऱ्या जिप्सी गाडीत सापडते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

कोका अभयारण्य, साकोलीकडून नागझिऱ्यात जाणारी वाट आणि पवनीकडील जंगल येथे मारुती जिप्सी ही गाडी सर्वपरिचित आहे. ती सन १९८५ च्या अखेरीस बाजारात आली. त्या वेळी तिचे इंजिन ९७० घनसेंटिमीटरचे होते. सन १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ आली, तिचे इंजिन सुमारे १३०० घनसेंटिमीटरचे. सन २०१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाग काढून दुसऱ्या गाडीत बसविणे ही आता हौस राहिलेली नसून गरज झाली आहे.

या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे, एका आखूड शाफ्टने जोडलेली, स्वतंत्र पेटी असते. तिलाच गॅरेजमध्ये ‘ट्रान्सफर केस’ म्हणतात. तिचे कार्य दुहेरी आहे. गिअरबॉक्सकडून आलेली गती ती मागील व पुढील अशा दोन्ही शाफ्टांकडे वाटून देते. आणि ‘हाय’ व ‘लो’ अशा दोन प्रमाणांपैकी एकाने ती गती कमी करून तिचा जोर वाढविते. चारही चाके जोडली असता पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट बांधले जातात. म्हणूनच चिखलात किंवा वाळूत हा खटाटोप उपयुक्त ठरतो, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर वळण घेताना दातांवर व शाफ्टांवर अनाठायी ताण आणतो.

आता मूल्याचा प्रश्न. ज्या सुझुकी कुळातून जिप्सी आली त्यात लहान इंजिनाच्या ४१० मालिकेच्या पेटीची प्रमाणे ‘हाय’ १.५८० व ‘लो’ २.५११ अशी आहेत. मोठ्या इंजिनाच्या ४१३ मालिकेत ती १.४०९ व २.२६८ आहेत. लहान इंजिनाला जोर कमी, म्हणून त्याच्या पेटीने गती अधिक कमी करावयाची. मोठ्या इंजिनाला तितकी गरज नाही. दोन्ही पेट्या बाहेरून सारख्या भासतात, दोघींचे नावही एकच. परंतु एक दुसरीच्या जागी बसविली की संपूर्ण गाडीचे वर्तन पालटते.

किती पालटते ते मोजता येते. ४१३ च्या गाडीत ४१० ची पेटी घातल्यास ‘लो’मध्ये चाकांवरील जोर सुमारे १०.७ टक्क्यांनी वाढतो, ‘हाय’मध्ये सुमारे १२.१ टक्क्यांनी. याची किंमत वेगात द्यावी लागते. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर गाडी पूर्वी ताशी ८० किलोमीटर धावत असे, त्याच फेऱ्यांवर ती आता सुमारे ७१ किलोमीटर धावेल. जंगलातील उतारावर इंजिनाने गाडी रोखून धरण्यास ही पेटी उपकारक. भंडारा-नागपूर महामार्गावर मात्र इंजिनाचा आवाज व इंधनाचा खर्च दोन्ही वाढणार. मोठ्या व्यासाचे टायर बसविणारे लोक ही अदलाबदल करतात ती याच कारणाने : टायरने गमावलेला जोर पेटीने परत मिळवावयाचा. उलट दिशेने, म्हणजे लहान इंजिनाच्या गाडीत ४१३ ची पेटी घातल्यास, चढावर गाडी दम टाकते. वाढलेला जोर पुढे शाफ्ट व ॲक्सल यांनाच सोसावा लागतो, हेही विसरता कामा नये.

विकत घेतलेली पेटी कोणत्या मालिकेची, हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरवू नये. पेटी ‘लो’मध्ये टाकावी, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या फ्लँजवर खडूची खूण करावी, आणि आतील बाजू नेमकी पाच वेळा फिरवावी. बाहेरील फ्लँज जवळजवळ बरोबर दोन फेरे पूर्ण करून थांबली तर ती ४१० ची. दोन फेऱ्यांच्या पुढे आणखी सुमारे एकपंचमांश फेरा गेली तर ४१३ ची. त्यानंतर फ्लँजची छिद्रे, शाफ्टवरील खाचा, रबरी आधारांच्या जागा, आणि हँडब्रेकचा ड्रम पेटीवर असल्यास तोही, मोजून ताडून घ्यावा. गतिमापकाची तार पेटीच्या बाहेर जाणाऱ्या बाजूकडून निघते. म्हणून केवळ ‘हाय-लो’चे प्रमाण बदलल्याने तो चुकत नाही, परंतु तेथील लहान चक्रांची जोडी वेगळी असल्यास किंवा टायर बदलल्यास तो चुकतो. शेवटी कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत; तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारणे श्रेयस्कर. पर्यटकांना नेणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर हे अत्यावश्यकच होय.

या उदाहरणातून परिभाषेच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कोशात ‘ट्रान्सफर केस’ला एखादा सुबक संस्कृतोद्भव प्रतिशब्द देता येईल, पण तो शब्द कोणत्या इंजिनाशी, कोणत्या ॲक्सलशी व कोणत्या वर्षाच्या गाडीशी जोडलेला आहे हे सांगितल्यावाचून कारागिराला त्याचा उपयोग नाही. ‘चारशेदहाची’ किंवा ‘किंगची’ असे विशेषण नामाआधी लावले की तेच काम एका शब्दात होते. मूल्यभेद दाखविणारे हे विशेषण भाषादृष्ट्या अनावश्यक नसून अर्थाचा गाभाच आहे. तांत्रिक मराठीचा कोश रचताना प्रतिशब्दाइतकीच अशा विशेषणांची नोंद आपण घेतली पाहिजे. अन्यथा शब्द बरोबर आणि पेटी चुकीची, अशी स्थिती उद्भवेल.